कोंबडं झाकण्याचा इतिहास

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही" ही म्हण आपण सगळेच वापरतो. वापरताना मनात असतं सत्य, कोंबड्याकडे कुणाचं लक्ष नसतं. मी इतिहासाचा मास्तर. मला मात्र कुतूहल वाटतं ते या म्हणीतल्या पहिल्या दोन शब्दांचं. कोंबडं झाकलं होतं कशाला? म्हणीतल्या माणसानं ते पहाट थोपवायला झाकलं असेल. पण घरोघरच्या बायकांनी ते झाकलं ते मांजरापासून. दिवेलागणीला कोंबड्या गोळा करायच्या, त्यांच्यावर बांबूचं डालगं पालथं घालायचं आणि वर एक दगड ठेवायचा. या कामाला आपल्या भाषेत 'कोंबड्या डालणे' असं खास क्रियापदच आहे. लढायांच्या सनावळ्या शाळेत पुष्कळ पाठ केल्या. आज या डालग्याचा इतिहास पाहू.

कोंबडी मूळची रानातली. आग्नेय आशियातील तांबडा रानकोंबडा हा तिचा पूर्वज, असं डार्विनने १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडलं होतं, आणि अलीकडच्या संशोधनानेही ते मुख्यतः खरं ठरवलं आहे. ती माणसाळली कधी, याबद्दल मात्र मतं बदलत आली. पूर्वी सिंधू संस्कृतीचं नाव घेतलं जाई. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीलायक हाडं थायलंडमधील बान नॉन वाट या ठिकाणची आहेत; काळ इसवी सनापूर्वी सुमारे १६५० ते १२५०. भात आणि राळ्या-वऱ्यासारखी धान्यं पिकू लागली, दाणे सांडू लागले, आणि दाण्यांच्या ओढीनं रानपक्षी शेताच्या कडेला आला, असा तर्क आहे. म्हणजे माणसानं तिला धरून आणलं असं म्हणण्यापेक्षा ती आपणहून पाहुणी आली, असं म्हणावं लागेल.

पाहुणी आली ती आपलं संरक्षण बरोबर घेऊन आली. रानकोंबडी दिवसा जमिनीवर चरते आणि रात्री झाडावर झोपते. मादीचा रंग पाचोळ्यासारखा. बसली तर दोन हातांवरून दिसायची नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे आवाज. आकाशात घार दिसली तर कोंबडा एक प्रकारचा आवाज काढतो, जमिनीवरून कुत्रं-मांजर आलं तर दुसऱ्याच प्रकारचा. हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. पण ख्रिस्टोफर एव्हान्स, पीटर मार्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली त्याची रीतसर परीक्षा घेतली. नुसते मुद्रित केलेले आवाज ऐकवले, समोर शत्रू कुणीच नाही. तरी पहिल्या आवाजाला कोंबड्या आडोशाला पळाल्या, दबून बसल्या, वर पाहू लागल्या. दुसऱ्याला मान ताठ करून आजूबाजूला पाहू लागल्या. रंग, झाड आणि राखणदाराची हाक, हे तिन्ही माणसाच्या आधीचे.

यातल्या झाडाची साक्ष आपल्या देशात दगडात कोरलेली आहे. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भारहुत नावाचं गाव आहे. तिथल्या बौद्ध स्तूपाचे अवशेष १८७३ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांना सापडले. पुष्कळसे आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकाचा. त्यांतल्या एका शिल्पात झाडावर कोंबडा बसला आहे आणि खाली मांजर मान वर करून त्याच्याकडे पाहत आहे. शेजारी ब्राह्मी लिपीत कथेचं नाव कोरलं आहे, आणि त्यात मांजर व कोंबडा या दोघांचीही नावं आहेत. कथा जातकातली. एका मांजरीनं रानातल्या कळपातले बाकीचे सगळे कोंबडे फसवून खाल्ले, उरला एक. त्याला ती गोड बोलून म्हणते, खाली ये, मी तुझी बायको होते. तो शहाणा, फांदी सोडत नाही. बोध सांगणाऱ्यानं त्यातून बोध काढला. मला त्यात दिसते ती शिल्पकाराची नजर. कोंबडा किती उंच बसला म्हणजे वाचतो, हे त्यानं कुठल्या तरी अंगणात पाहिलेलं असणार.

मग झाडावरून कोंबडी घरात कधी आली? घर बांधून तिला राखण्याचं जुन्यांतलं तपशीलवार वर्णन मिळतं ते दूर रोममध्ये. मार्कुस व्हारो हा विद्वान गृहस्थ. इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमारास, वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यानं शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की खुराड्याच्या खिडक्या विरळ विणलेल्या काटक्यांच्या कराव्यात. उजेड भरपूर यावा, पण कोंबड्यांना इजा करणारं काही आत शिरता कामा नये. त्याच्यानंतर शंभरेक वर्षांनी कोलुमेला झाला. तो मूळचा स्पेनमधील कादिझचा, आणि हाडाचा शेतकरी. तो म्हणतो, भिंती आतून-बाहेरून गुळगुळीत गिलाव्याच्या करा, म्हणजे मांजराला आणि सापाला चढता येणार नाही. आणि पुढं तो आणखी एक गोष्ट सांगतो, ती ध्यानात ठेवा: पांढऱ्या कोंबड्या टाळा. त्या नाजूक असतात, कमी जगतात, आणि पांढरेपणामुळे दुरून दिसत असल्याने ससाणे व गरुड त्यांना अधिक उचलतात. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा सल्ला आपल्याला विसाव्या शतकात महागात पडायचा होता.

पण आधी आपल्या अंगणात येऊ. माझ्या आजीकडे दहा-बारा गावठी कोंबड्या असत. तिच्या हिशेबी दिवसाचे प्रहर शत्रूंवरून ठरत. उन्हं वर आली की घार आणि शिक्रा, त्यांच्या जोडीला पिलांवर टपलेला कावळा. मुंगूसही दिवसाचाच चोर. लोक रात्रीचा आळ त्याच्यावर घालतात तो फुकटचा. तिन्हीसांजेला कोल्हा आणि रानमांजर, ज्याला आपण बाऊल म्हणतो. अंधार पडला की उदमांजर, आणि अंड्यांवर घूस नाही तर साप. डालगं फक्त रात्रीच्या चोरांपुरतं. दिवसाची राखण कोंबड्याकडे. म्हणून जत्रेला कोंबडा कापायची वेळ आली की आजी आधी दुसरा तयार आहे ना, हे पाही. घरच्या पुरुषांना वाटे, बाईचा जीव गुंतलाय. जीव गुंतला होता हे खरं. पण अंड्यांचे पैसे हे घरातले तिचे एकटीचे पैसे होते. मीठमिरची, पोरांच्या वह्या, लेकीच्या हातावर ठेवायची नोट, सगळं त्यातून. खुडूक कोंबडी एका रात्रीत गेली म्हणजे अंडी गेली, होणारी पिलं गेली आणि एका हंगामाची मिळकत गेली. तिची नोंद कुठल्याही खतावणीत नसे.

स्वातंत्र्यानंतर कोंबडीपालन वाढवायचं ठरलं. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे १९५६ ते १९६१ या काळात, त्याला जोर आला. व्हाइट लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड या परदेशी जाती खेड्यांत पोचल्या. हेतू चांगला होता. गावठी कोंबडी वर्षाला पाऊणशेच्या आतबाहेर अंडी द्यायची. लेगहॉर्न बंदिस्त जागी, पोटभर खाद्यावर दोनशेच्या वर जाई. आजी सांगे, गावात एका घरी अशा पांढऱ्याशुभ्र कोंबड्या आल्या तेव्हा लोक पाहायला जमले. त्यांना सोडलं मात्र गावठी कोंबड्यांसारखंच, उकिरड्यावर. पुढची दिवाळी त्यांतल्या एकीनंही पाहिली नाही. लोकांनी निष्कर्ष काढला, "विलायती कोंबडी आपल्याकडे जगत नाही." माझ्या मते दोष कोंबडीचा नव्हता. तिचा रंग घारीला लांबून दिसे. शिवाय लेगहॉर्न सहसा खुडूक बसत नाही. तिची पिलं यंत्रात उबवलेली, पंखाखाली बोलावणारी आई नाही. म्हणजे जास्त अंडी घेताना आपण रानातून आलेलं जुनं संरक्षण काढून घेतलं, आणि त्याच्या जागी पक्कं खुराडं द्यायचं राहून गेलं. ज्यांनी जाळीचं घर बांधलं त्यांना लेगहॉर्ननं भरपूर दिलं. पुढं मोठे कारखानदारी व्यवसाय उभे राहिले ते बंद घरातच. परसातली बाई मात्र मागे राहिली.

नंतर संशोधकांना हे उमगलं. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज आणि हैदराबादच्या केंद्रीय संस्थेची वनराज या जाती परसासाठीच काढल्या. त्या पांढऱ्या नाहीत, रंगीत आहेत. वनराजाचे पाय लांब, म्हणजे पळून जीव वाचवता यावा. कोलुमेलाला हे ऐकून बरं वाटलं असतं! पण एक उणीव राहिलीच: या कोंबड्याही सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची पिलं पाच-सहा आठवडे उबेत, बंदोबस्तात सांभाळूनच बाहेर सोडावी लागतात. म्हणून घरात एखादी गावठी खुडूक कोंबडी ठेवून तिच्याखाली अंडी बसवणाऱ्या बायका मला जास्त हुशार वाटतात.

खुराडं बांधणारांसाठी दोन गोष्टी. मोठ्या भोकांची जाळी कोंबडीला आत ठेवते, पण उंदराला बाहेर ठेवत नाही. जाळी अर्धा इंचाची घ्यावी. आणि घूस जमिनीखालून येते, तेव्हा तळाला दगड किंवा फरशी हवी. सापळे नि विष यांच्या नादी मात्र लागू नये. मुंगूस, रानमांजर यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय विष खाणारं पहिलं जनावर बहुधा शेजाऱ्याचं कुत्रं असतं.

शिक्षकमंडळींना एक सुचवावंसं वाटतं. वर्गातल्या मुलांना विचारा, तुमच्या घरी कोंबड्या किती वाजता डालतात आणि कुणाच्या भीतीनं. उत्तरं घरच्या म्हाताऱ्यांना विचारून आणायची. कोकणातला मुलगा कांडेचोर सांगेल, पठारावरचा कोल्हा सांगेल, उसाच्या पट्ट्यातला बिबट्याही सांगेल. ही नावं फळ्यावर लिहून घ्या. माझ्या आजीच्या यादीत बिबट्या नव्हता.