जायफळापासून झोपेच्या गोळीपर्यंत

निद्रानाशाचा विचार चरकसंहितेत एका अनपेक्षित ठिकाणी येतो. सूत्रस्थानाचा एकविसावा अध्याय मुख्यतः अतिस्थूल आणि अतिकृश माणसांविषयी आहे. त्यांच्या उपचारांच्या ओघात झोपेचे प्रकरण निघते आणि जास्त झोपणाऱ्याची झोप कमी कशी करावी हे सांगितले जाते. त्या यादीत वमन, विरेचन, उपवास, व्यायाम आणि गैरसोयीचे अंथरूण यांच्या पंगतीला भय, क्रोध आणि चिंता आहेत. म्हणजे चिंता इथे आधी औषध म्हणून येते. लगेच पुढे ग्रंथकार बजावतो की झोप उडण्याची कारणेही हीच समजावीत. त्यांच्या जोडीला तो आणखी पाच कारणे देतो: कार्य, काल, विकार, प्रकृती आणि वायू. त्यातल्या ‘काल’चा अर्थ टीकाकारांनी म्हातारपण असा लावला. अर्धवट राहिलेले काम, वय, दुखणे, मूळचा स्वभाव आणि वाताचा प्रकोप या सगळ्यांनी रात्र जागूनच काढावी लागते, पण प्रत्येकाची वाट वेगळी, असा हा विचार आहे.

उपाय सांगतानाही चरक एका औषधावर थांबत नाही. अंगाला तेल, उटणे, स्नान, दही घालून तांदळाचा भात, दूध, तूप, मांसरस, मद्य, डोक्याला आणि चेहऱ्याला लेप, हलक्या हाताने अंग चेपणे, आवडीचे गंध आणि आवाज, मऊ अंथरूण, सुखाचे घर, झोपेची ठरलेली वेळ आणि मनाचे सुख, अशी ही लांबलचक यादी आहे. दुधांचे गुण सांगताना म्हशीचे दूध झोप न येणाऱ्याला हितकर म्हटले आहे. यातले बरेचसे खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरातच जमण्यासारखे होते. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला सुखाचे घर आणि मनाचे सुख कुठून मिळायचे, याची वाच्यता ग्रंथ करत नाही.

महाराष्ट्रातल्या घरांत या यादीतले स्वस्त आणि सोपे तेवढे टिकले. आयुर्वेदाचा दुसरा ग्रंथकार वाग्भट याने रोजच्या अभ्यंगाच्या, म्हणजे अंगाला तेल लावण्याच्या, फायद्यांत चांगली झोप मोजली आहे आणि डोके, कान व पाय यांना तेल विशेष करून लावायला सांगितले आहे. तळपायाला तूप किंवा खोबरेल लावून ते काशाच्या वाटीने घासण्याची पद्धत त्याच वळणाची. वाटी घासता घासता तूप काळपट होते. ती शरीरातली उष्णता बाहेर पडल्याची खूण मानली जाते. प्रत्यक्षात हा काळेपणा धातूच्या घर्षणाने येतो, पण त्यामुळे वाटीची पत कमी झालेली नाही. दिवसभर अनवाणी राबलेले पाय पंधरा-वीस मिनिटे कोणीतरी मायेने चोळले तर डोळे जड होतात, एवढे खरे.

खाण्यातला उपाय म्हणजे जायफळ. दुधात उगाळून ते मोठ्यांना देत. लहान मुलांच्या गुटीत हिरडा, बेहडा, मुरडशेंग, वेखंड, अतिविष, सुंठ यांच्याबरोबर सहाणेवर त्याचेही दोन-चार वेढे पडत. पुरणपोळी, श्रीखंड आणि बासुंदीतही जायफळ असते आणि सणाच्या जेवणानंतरच्या सुस्तीचा दोष अनेकदा त्याच्यावर येतो. चिमूटभर जायफळापेक्षा त्या सुस्तीत साखरेचा आणि तुपाचा वाटा मोठा असणार. गुटीत वेढे मोजण्यामागे मात्र खरे कारण होते: जायफळ जास्त पोटात गेले तर मळमळ, छातीत धडधड आणि भ्रम होतो.

काळजीचा स्वतंत्र बंदोबस्त करणारी एक जुनी सवय होती, पण ती उपाय म्हणून कोणी नोंदवली नाही. खेड्यातल्या बाया पहाटेच्या अंधारात जात्यावर बसत. माहेरची आठवण, सासूचा जाच, नवऱ्याचे वागणे, लेकीचे लग्न, दुष्काळ हे सगळे तिथे ओव्यांत बाहेर पडे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या शेकडो गावांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या पाहिल्या की लक्षात येते की दिवसभर बोलता न येणाऱ्या गोष्टींना तिथे ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा होती. किंमतही होती: त्या वेळेसाठी झोप दोन-तीन तासांनी कापली जाई. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बायांना ही झोप परत मिळाली आणि ओव्या मागे पडल्या.

मुंबईत हा प्रश्न वेगळ्याच मापाने उभा राहिला. १८५०च्या दशकात पहिल्या कापड गिरण्या सुरू झाल्या आणि कोकण व सातारा भागातून माणसे येत गेली. १८८१च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने फक्त लहान मुलांचे तास बांधले. मोठा माणूस उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत होता. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. मागण्या अशा: रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई. हे निवेदन वैद्यकाच्या इतिहासात येत नाही, पण झोपेच्या इतिहासात त्याला जागा द्यायला हवी. पहिल्या तीन मागण्या थकलेल्या शरीरासाठी होत्या, पुढच्या दोन रात्री छळणाऱ्या हिशेबांसाठी. रविवारची सुटी मुंबईच्या गिरण्यांत १८९० मध्ये मिळाली.

सूर्यास्त ही कामाची नैसर्गिक मर्यादा मात्र फार काळ टिकली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि काम रात्रीत शिरले. १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली, १९२२ मध्ये ती अकरावर आली, १९३४च्या कायद्याने दहावर आणि १९४८च्या कायद्याने नवावर. तास कमी होत असतानाच रातपाळी पसरत होती. गिरणगावातल्या एका खोलीत आठ-दहा गाववाले राहत. दिवसपाळीचे रात्री आणि रातपाळीचे दिवसा त्याच जागेत पथारी टाकत. उन्हाळ्यात चाळीच्या गॅलऱ्या, गच्च्या आणि फुटपाथ माणसांनी भरून जात. झोपेची वेळ आता सूर्य ठरवत नव्हता, गिरणीचा भोंगा ठरवत होता.

त्यात पैशाची टोचणी. पगार महिन्याने आणि तोही उशिरा. तोवर वाण्याची उधारी आणि सावकार किंवा पठाण. रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१च्या अहवालात कामगारांच्या कर्जबाजारीपणाचे जे चित्र दिले, त्यात रुपयामागे महिन्याला एक आणा हा व्याजाचा सर्रास दर आहे. वर्षाला हे पंचाहत्तर टक्के झाले. गैरहजर माणसाच्या जागी घेतल्या जाणाऱ्या बदली कामगाराला तर उद्या काम मिळेल की नाही हेही सकाळी गिरणीच्या फाटकावर उभे राहिल्याशिवाय कळत नसे आणि तिथे कामगार भरणाऱ्या जॉबरची मर्जी राखावी लागे. भाडे, व्याज, गावची मनीऑर्डर, उद्याचा खाडा: यातली एकही काळजी चरकाच्या काळात नसेल असे नाही, पण ती दर महिन्याला ठरावीक तारखेला येण्याचा प्रकार नवा होता.

या रेट्यात सर्वांत वाईट उपाय सर्वांत लहान माणसांच्या वाट्याला आला. पहाटे गिरणीत जाणारी बाई तान्हे मूल शेजारणीपाशी किंवा मोठ्या भावंडापाशी ठेवून जाई आणि ते रडू नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी देई. १८७८च्या अफू कायद्याखाली परवान्याच्या दुकानांत अफू उघडपणे विकत मिळे, त्यामुळे गोळी मिळवायला काही त्रास नव्हता. गिरणीतल्या स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी १९२२च्या अहवालात ही प्रथा किती खोलवर पसरली आहे ते लिहिले. गुंगीत असलेले मूल दूध कमी पिते, खंगत जाते आणि मात्रा चुकली तर श्वास मंदावून दगावते. आयांना हे कळत नव्हते असे म्हणणे सोपे आहे. पण मुलाला सांभाळायला दुसरे कोणी नव्हते आणि खाडा केला तर रोज बुडत होता. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये प्रसूतिलाभाचा कायदा केला. पुढे १९४८च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासहून अधिक बाया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. बाळगोळी आरोग्याच्या उपदेशापेक्षा अशा तरतुदींनी आणि अफूविक्रीवरच्या निर्बंधांनी मागे हटली.

मोठ्यांच्या झोपेची सूत्रे एव्हाना डॉक्टरांकडे जाऊ लागली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रोमाइड आणि १८६९पासून क्लोरल हायड्रेट वापरात आले. दवाखान्यात कंपाउंडर ते पातळ औषधात मिसळून बाटलीत भरी आणि बाटलीवर मात्रेच्या खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवी. १९०३ मध्ये एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी बार्बिटोन या रसायनाचा झोप आणणारा गुण प्रसिद्ध केला, १९१२ मध्ये फिनोबार्बिटोन बाजारात आले आणि झोप गोळीच्या रूपात मिळू लागली. गुण आणणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांत अंतर थोडे असल्याने या गोळ्यांनी जगभर बळी घेतले.

त्याच काळात उलट दिशेनेही, भारतातून पश्चिमेकडे, एक प्रवास झाला. सर्पगंधेची मुळी उत्तर भारतात वेड आणि झोप न येणे यांवर पिढ्यान्‌पिढ्या दिली जात होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढता रक्तदाब यांवरचे औषध म्हणून तिच्यावर शोधनिबंध लिहिला. परळच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा वापर करून १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातून रेसर्पिन वेगळे केले. १९५७ मध्ये वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. गिरणगावाच्या मधोमध असलेल्या रुग्णालयातून गेलेले हे औषध काही वर्षे जगभर गाजले. पुढे त्याने काही रुग्णांना खोल उदासी येते असे दिसू लागले आणि नवी औषधे आल्यावर ते मागे पडले.

नव्या औषधांत मेथाक्वालोनची गोष्ट भारताशी जोडलेली आहे. इंद्रकिशोर कक्कर आणि सय्यद हुसेन झहीर यांनी १९५१ मध्ये ते तयार केले तेव्हा शोध मलेरियावरच्या औषधाचा चालला होता. झोपेची गोळी म्हणून ते मॅन्ड्रॅक्ससारख्या नावांनी जगभर विकले गेले, नंतर नशेसाठी वापरले जाऊ लागले आणि १९८०च्या दशकात भारतानेही त्यावर बंदी घातली. बार्बिटोनपेक्षा कमी घातक म्हणून डायझेपामचा गट आला. रोश कंपनीने १९६३ मध्ये आणलेले डायझेपाम भारतात रॅनबॅक्सीच्या ‘काम्पोज’ या नावाने घराघरांत पोचले, इतके की शहरी मराठी बोलण्यात कुठल्याही झोपेच्या गोळीला काम्पोज म्हटले जाऊ लागले. परीक्षा, लग्नघर, बाळंतपण, नोकरीतली बदली, सगळ्याला एकच गोळी. कारणे वेगवेगळी असतात हा चरकाचा मुद्दा या गोळीने पुसून टाकला. रोज घेतल्यास काही आठवड्यांत मात्रा पुरेनाशी होते आणि अचानक सोडल्यास आधीपेक्षा वाईट रात्री येतात, हे कळायला वर्षे गेली. १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्याने या गोळ्या नियंत्रित यादीत टाकल्या. कागदोपत्री त्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत.

गोळीची लाट चढत असतानाच केईएममध्ये दुसरे प्रयोग चालू होते. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांना शवासन शिकवून त्याचे परिणाम छापले. याच रुग्णालयातले मनोविकारतज्ज्ञ एन. एस. वाहिया यांनी पतंजलीच्या योगसूत्रांवर आधारलेली उपचारपद्धती चिंतेने त्रस्त रुग्णांवर वापरून पाहिली. तिच्यात आसन, प्राणायाम आणि मन आवरण्याच्या पुढच्या पायऱ्या होत्या. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम काढून योग प्रयोगशाळेत नेला होता, त्या परंपरेतले हे काम. ते पुरेसे पुढे गेले नाही याची कारणे साधी होती. शिकवायला आठवडे लागतात, चिठ्ठी लिहायला मिनिट पुरते आणि बाह्यरुग्ण विभागाची रांग दाराबाहेर गेलेली असते.

आज वैद्यक जिला पहिली पसंती देते ती पद्धतही सवयींचीच आहे. अमेरिकेत रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये नियम मांडला की अंथरूण फक्त झोपेसाठी ठेवावे आणि झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जावे. आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये अंथरुणावरचा वेळ आधी कमी करून मग हळूहळू वाढवण्याची रीत दिली. त्यांच्या जोडीला काळजीसाठी संध्याकाळी ठरावीक वेळ राखून ती कागदावर उतरवण्याचा सल्ला आला. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जुनाट निद्रानाशात गोळीच्या आधी हीच पद्धत वापरावी अशी शिफारस केली. यातले बहुतेक मुंबईत जसेच्या तसे वापरता येते. अडचण दुसऱ्या खोलीची आहे. ज्या घरात खोली एकच आणि तिच्यात पाच माणसे झोपलेली, तिथे रुग्णाला अंथरूण गुंडाळून दाराशी, गॅलरीत किंवा स्वयंपाकाच्या ओट्यापाशी मंद उजेडात बसावे लागते आणि डोळे मिटू लागले की परत यावे लागते.