आगबोटीचे उतारू

जालना जिल्ह्यातल्या धावड्यासारख्या गावात भरती-ओहोटीचा धडा शिकवायचा म्हणजे मास्तराने फळ्यावर खडूने लाटा काढाव्यात आणि मुलांनी त्या खऱ्या मानाव्यात, असा व्यवहार असतो. पावसाळ्यात नाल्याला आलेला लोंढा हाच आमचा समुद्र! तरीसुद्धा, वाचकहो, उतारूंनी भरलेल्या जहाजाचे दीड हजार वर्षांपूर्वीचे चित्र पाहायचे असेल, तर आम्हांला मुंबई गाठावी लागत नाही. ते आमच्या शेजारच्या अजिंठ्याच्या डोंगरात, दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, भिंतीवर रंगवलेले आहे.

तीन डोलकाठ्यांचे ते जहाज आहे. नाळेवर डोळा काढलेला आहे. मागच्या बाजूस वल्ह्यासारखी सुकाणे आहेत, आणि तेथेच आडोशाखाली ओळीने मांडलेले घट आहेत. चित्रकाराने लाटा काढल्या, संकट काढले, माणसांची तारांबळ काढली. पण पाण्याचे घट काढायला तो विसरला नाही. चहूंकडे पाणीच पाणी आणि पिण्याला थेंब नाही, ही दर्यावरची पहिली अडचण त्याला ठाऊक होती.

चित्रातली कथा पूर्णाची आहे. हा पूर्ण सोपाऱ्याचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा, व्यापारी. त्याने अनेक यशस्वी सफरी केल्या आणि पुढे तो भिक्षू झाला. नंतर त्याचा भाऊ चंदन आणण्यासाठी समुद्रावर गेला असता जहाज वादळात सापडले. उतारूंनी पूर्णाचा धावा केला आणि ते वाचले. सतराव्या लेण्यात सिंहलाची कथा आहे, तिच्यातही व्यापाऱ्यांचे जहाज फुटते. समुद्रापासून इतक्या दूरच्या भिक्षूंनी आपल्या भिंतींवर जहाजे का रंगवावीत? उत्तर सोपे आहे. या डोंगराखालून जाणारे व्यापारी मार्ग बंदरांना जाऊन मिळत होते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवृत्तात पैठण आणि तेर येथला माल गाड्यांनी भडोचला जात असल्याचे लिहिले आहे. आमच्या तालुक्याचे गाव भोकरदन हे त्या काळचे भोगवर्धन. तेथल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भाग सापडला. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली जी भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली, तिच्याशी हिचे विलक्षण साम्य आहे. तेव्हा आमच्या पूर्वजांनी समुद्र पाहिला नसेल असे कोणी म्हणू नये.

त्या काळच्या उतारूला वारा सांभाळून निघावे लागे. नैर्ऋत्येचा वारा घोंगावू लागला की जहाजे बंदरात. तो निवला की बाहेर. कोळ्यांची नारळी पौर्णिमा ही त्याच शहाणपणाची खूण आहे. नारळ वाहायचा तो दर्या शांत व्हावा म्हणून, आणि त्यापूर्वी होडी लोटायची नाही हा नियमही त्यातच आला. धर्माच्या नावाने पाळले गेलेले कितीतरी नियम मुळात असे जीव वाचवण्याचे असतात.

पुढे वाफेचे यंत्र आले आणि वाऱ्याची मिनतवारी संपली. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला व विलायत जवळ आली. तरी जवळ म्हणजे किती? आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने! अठरा वर्षांच्या त्या मुलीने समुद्राच्या लाटांआधी समुद्रबंदीच्या लाटा ओलांडल्या होत्या, हे विसरता येत नाही.

पण सामान्य मराठी माणसाची बोट म्हणजे विलायतेची नव्हे, ती कोकणची. शेफर्ड कंपनीच्या आगबोटी मुंबईहून किनाऱ्याने खाली जात. स्वदेशीचे वारे वाहू लागल्यावर तिच्याशी टक्कर द्यायला देशी भांडवलाची कंपनी उभी राहिली. लोक तिला लाडाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. तिच्या बोटींना 'तुकाराम', 'रामदास' अशी संतांची नावे होती. बोटीच्या नावातच आपला देव आणि आपला देश असल्यावर कोकणी माणूस दुसऱ्या बोटीत कशाला चढेल?

हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, अशी बंदरे घेत बोट जाई. पुष्कळ ठिकाणी ती किनाऱ्याला लागतच नसे; दूर खोल पाण्यात उभी राही. उतारूंनी पडावात बसून तिच्यापर्यंत जायचे, आणि पडाव वर-खाली होत असताना खलाशाच्या हाताचा आधार घेऊन शिडी पकडायची. लाट पडावाला वर उचलते त्या क्षणी पाऊल टाकायचे, खाली जाताना नाही, ही पहिली शिकवण. दोन्ही हात मोकळे ठेवायचे, ही दुसरी. मूल आधी वर द्यायचे, मग वळकटी, मग आपण. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून म्हाताऱ्या बायका हे सारे अशा सफाईने करीत, की प्रथमच आलेल्या घाटावरच्या पाहुण्याला स्वतःची लाज वाटावी.

वर गेल्यावर डेकवर सतरंजी पसरून जागा धरायची. जाणता उतारू बोटीच्या मध्यावर जागा पाहतो. कारण टोकांना हेलकावे अधिक. इंजिनाच्या उष्णतेपासून आणि तेलाच्या वासापासून दूर, पण कठड्याला अगदी लागून नाही. कोकणात 'बोट लागली' या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात. एक, बोट बंदरात आली. आणि दुसरा, पोटात ढवळून आले! या दुसऱ्या लागण्यावर आलेपाक, आवळासुपारी, लिंबू हे घरगुती उपाय गाठीला असत. निघताना पोट रिकामे नको आणि तुडुंबही नको. नजर पायांशी नको, क्षितिजावर हवी. आज डॉक्टरही याहून फारसे वेगळे सांगत नाहीत. फक्त ते गोळी देतात आणि ती बोट सुटण्यापूर्वी घ्या म्हणतात.

या आनंदाला दुसरी बाजूही होती. ती दिवाळीच्या दिवसांत सांगू नये असे कोणी म्हणेल. पण ती सांगितल्यावाचून हा लेख अपुरा राहील.

८ नोव्हेंबर १८८८ रोजी शेफर्ड कंपनीची 'वैतरणा' ही बोट कच्छ-मांडवीहून मुंबईला येताना सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. विजेचे दिवे असल्यामुळे लोक तिला 'वीजळी' म्हणत. सातशेच्या वर माणसे गेली असे सांगतात. तीत मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुले होती, ही आठवण गुजरातेत अजून निघते. मास्तराच्या काळजात ती जरा जास्तच रुतते. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या कोकणच्या दोन बोटी एकाच वादळात, एकाच दिवशी बुडाल्या. आणि १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास'.

त्या दिवशी आषाढाची अमावास्या, दिव्यांची अवस होती. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. अंतर ते केवढे! उतारू सातशेच्या आसपास. सणाला घरी जाणारे चाकरमानी, बाजारहाट करून परतणाऱ्या बायका, मुले. पाऊस कोसळत होता, समुद्र खवळलेला होता. काशाच्या खडकाजवळ मोठी लाट आदळून पाणी आत शिरले, लोक घाबरून एका बाजूला धावले, आणि बोट कलंडली. निघाल्यापासून पाऊण तासही झाला नव्हता. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. म्हणून मुंबईला कित्येक तास पत्ताच नाही. लाटांबरोबर वाहत एक पोरगा गेटवेच्या बाजूला जिवंत लागला, तेव्हा ही बातमी शहराला कळू लागली. सहाशेहून अधिक माणसे गेली.

जी वाचली, त्यांतली पुष्कळशी रेवसच्या कोळ्यांनी वाचवली. ते मासळी घेऊन मुंबईच्या बाजाराला चालले होते. त्यांनी मासळी समुद्रात फेकून दिली आणि होड्यांत माणसे भरून घेतली. दिवसाची सारी कमाई पाण्यात टाकताना त्यांनी कोणाचे गाव विचारले नाही, की जात विचारली नाही.

अशा प्रसंगांतून काय निपजले? १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली तेव्हा तिच्यावर बावीसशेच्या आसपास माणसे होती आणि जीवरक्षक होड्यांत जागा होती ११७८ जणांची. सुमारे दीड हजार माणसे गेल्यावर, १९१४ साली, समुद्रावरील जीवरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. प्रत्येक जिवाला होडीत जागा असावी, बिनतारी यंत्रावर अहोरात्र माणूस असावा, हे आज साधे वाटणारे नियम त्यानंतरचे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉनकॉर्डिया' हे सहलीचे अवाढव्य जहाज खडकावर आदळले आणि ३२ जण मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो उतारूंची संकटकाळची कवायत दुसऱ्या दिवसावर ठेवलेली होती; आधीच्या नियमाप्रमाणे चोवीस तासांची मुभा होती. त्यानंतर नियम बदलला. २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी व्हावी लागते. म्हणजे जहाजावर चढताच जे पाऊण तासाचे कंटाळवाणे काम आपल्यापुढे येते, त्याची एकेक ओळ कोणाच्या तरी मरणाने लिहिलेली आहे.

कोकणची बोट मात्र राहिली नाही. चौगुल्यांच्या काळात 'रोहिणी', 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' धावल्या, एस.टी. आणि मालमोटारी वाढल्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बोटसेवा थांबली आणि १९९८ साली कोकण रेल्वे सर्वत्र सुरू झाली. गेली ती गरजेची बोट. आली ती हौसेची. २०१८ साली मुंबई-गोवा 'आंग्रिया' निघाली, २०२१ साली 'कॉर्डेलिया' मुंबईहून फिरू लागली. आता आमच्या भागातली नोकरदार मुलेही आईवडिलांना अशा सहलीला नेतात. तेव्हा शेती-मातीच्या मुलखातल्या वाचकांसाठी, जुन्या उतारूंच्या शहाणपणाला धरूनच, चार गोष्टी सांगतो.

बोट कोणासाठी थांबत नाही. जालन्याहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी थेट धक्क्यावर, हा हिशेब धोक्याचा. एक मुक्काम मुंबईत करावा. ओळखपत्र मूळ असावे, आणि परदेशी बंदर असेल तर पारपत्र. मोठ्या बॅगा खोलीवर पोहोचायला संध्याकाळ होते. म्हणून आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, मुलांचे कपडे आणि चष्मा हातपिशवीत. जुन्या डेकच्या नियमाप्रमाणे खोली मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची घ्यावी. खिडकी नसलेली स्वस्त पडते, पण ज्यांना बोट लागते त्यांना क्षितिज दिसणारी बरी. शाकाहारी किंवा जैन जेवण आधीच नोंदवावे. भाड्यात काय आहे आणि काय नाही, हे तिकिटाच्या वेळी लेखी विचारावे. जेवण बहुधा असते, पेये आणि इंटरनेट बहुधा नसते. समुद्रावर जहाजाच्या जाळ्यावरून फोन चालतो तो भारी दराने. तो बंद ठेवला तर बिल पाहून घाम फुटणार नाही. बंदरात उतरल्यावर परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाने पाळावी.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ती कवायतीची. सात आखूड भोंगे आणि एक लांब, ही संकटाची खूण मुलांकडून पाठ करून घ्यावी. जमण्याची जागा कोणती, तेथे जिन्याने कसे जायचे, हे एकदा सर्वांनी चालून पाहावे. लिफ्टवर विसंबू नये. जाकीट आजीच्या अंगावर एकदा बांधून पाहावे. लहान मुलांसाठी वेगळ्या मापाचे असते, ते मागून घ्यावे.

ही सावधगिरी केवळ मोठ्या जहाजासाठी नव्हे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या होडीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि डझनावर माणसे गेली. शंभरावर उतारू होते. बहुतेकांच्या अंगावर जाकिटे नव्हती. थोड्या वेळाची तर सफर, त्यात जाकीट कशाला, असे आपल्याला वाटते. 'रामदास'ची सफरही तेवढीच होती.

मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसह माणसे नेणारी मोठी बोट सुरू झाली. तिची वाट त्याच पाण्यातून जाते. या दिवाळीत जी कुटुंबे त्या धक्क्यावर उभी राहतील, त्यांनी समुद्र डोळे भरून पाहावा, वड्यावर ताव मारावा, मुलांना सीगल पक्षी दाखवावेत. फक्त खलाशी जाकीट कोठे आहे ते सांगू लागला की क्षणभर बोलणे थांबवून त्याचे ऐकावे. पोरांनाही ऐकायला लावावे.