फेफरे आणि मेंदूचा आलेख

श्रोतेहो, डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव सोलापुरात कुणाला ठाऊक नाही? १९१० साली ते याच गावी जन्मले. १९३८ साली चीनला जाऊन त्यांनी युद्धातल्या जखमींची सेवा केली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघे ३२ वर्षांचे असताना, फेफऱ्याच्या झटक्यांनी ते तिकडेच वारले.

हे फेफरे म्हणजे काय? मेंदूच्या वरच्या थराला बाह्यक म्हणतात. तिथल्या पेशी विजेच्या अतिसूक्ष्म लहरींवर काम करतात. पुष्कळ पेशी ताळ सोडून एकदम उसळल्या, की झटका येतो. जर्मनीतील येना गावी हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील लहरी प्रथम टिपल्या. १९३५ साली अमेरिकेत बॉस्टन येथे फेफऱ्याच्या लहरीही कागदावर उमटल्या. कोटणीस चीनला निघाले, त्याच्या तीन वर्षे आधीची ही गोष्ट! पण रणभूमीवरच्या खेड्यात असले यंत्र कुठून असणार?

पुढे १९७१ साली लंडनला सीटी स्कॅन आला, मागाहून एमआरआय आला. मेंदूतली गाठ, जुना व्रण डोळ्यांना दिसू लागला. भूतबाधा मात्र कोणत्याच आलेखात सापडली नाही.

तेव्हा गुरुजी, वर्गात मुलाला झटका आला तर कांदा की पायताण हुंगवू नका. त्याला कुशीवर निजवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर तडक दवाखाना गाठा. आज औषध आहे, यंत्रही आहे. देवऋषाकडे वेळ दवडू नका, एवढेच सांगणे.