गिरणीत गेलेली बोटे आणि भरपाईचा हक्क



विहाराच्या या स्मरणिकेत धम्मावर आणि चळवळीवर जाणकार मंडळी लिहितीलच. मी पडलो गिरणीकामगार. मला कामगाराच्या हातावर चार शब्द लिहायचे आहेत. कारण हात हीच आपली इस्टेट. काशीद, नांदगाव, मुरूड हा आपला मुलूख जंजिरा संस्थानात होता. हाती जमीन नव्हती, म्हणून आपली माणसे रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरली आणि गिरणीच्या भोंग्यावर उठू लागली.

गिरणीतही जात होतीच. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळ होतो म्हणून अस्पृश्यांना त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न लावून धरला. तोवर आपली माणसे रिंगखात्यासारख्या कमी पगाराच्या कामावर. चालू मशीनवर हात घालायचा, तुटलेला धागा जोडायचा. पट्ट्यात, चाकात बोट सापडले की माणूस कामातून गेला. त्याला गावी पाठवून देत, आणि त्याच्या जागी दुसरा उभा राही.

याविरुद्ध पहिला आवाज कुणी उठवला? सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती या मागण्या आपल्याला ठाऊक आहेत. पण त्यात आणखी एक मागणी होती, ती आपण विसरलो. कामावर जबर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी! रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. भरपाईचा कायदा व्हायला १९२३ साल उजाडले. म्हणजे ३९ वर्षे गेली. तोपर्यंत मालकाची चूक कोर्टात सिद्ध करावी लागे. कोण गरीब ते करणार?

१ जुलै १९२४ पासून तो कायदा लागू झाला. त्याच्या परिशिष्टात कमाईची ताकद किती गेली याचे कोष्टक आहे : अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची दोन बोटे गेली तर २० टक्के, चार बोटे गेली तर ५० टक्के. वाचताना अंगावर काटा येतो. पण हे कोष्टक नव्हते तेव्हा गेलेल्या बोटाची किंमत शून्य होती, हे ध्यानात घ्या.

पुढे बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात श्रममंत्री होते. त्यांच्याच काळात प्रा. अडारकरांनी कामगार आरोग्यविम्याचा अहवाल दिला (१९४४), आणि त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. आज आपण ज्याला ‘ईएसआय’ म्हणतो, त्याचे मूळ इथे आहे.

माझ्या डोळ्यांदेखत एका सोबत्याची दोन बोटे गेली. दवाखान्यातच त्याच्यापुढे कागद आला. थोडे पैसे घे, तक्रार नाही असे लिहून दे. त्याने अंगठा उठवला. बोटे गेली ती गेली, उरलेल्या अंगठ्याने हक्कही गेला असे तो जन्मभर समजत राहिला. पण तसे नव्हते! हक्क सोडून देणारा असला करार त्या कायद्याने रद्दबातल होता. हे तेव्हा आम्हा कुणालाच ठाऊक नव्हते. अज्ञानाने त्याला मशीनपेक्षा जास्त लुटले.

आता गिरण्या संपल्या. आपली पोरे बांधकामावर, ग्रायंडरवर, कटरवर, रोहा-धाटावच्या कारखान्यांत आहेत. त्यांनी एवढे पाठ करावे. तुटलेले बोट ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोटाला थेट बर्फ लावू नका. लगेच मोठे इस्पितळ गाठा. केसपेपरवर ‘कामावर असताना’ हे शब्द लिहवून घ्या. अपघाताची नोंद करा, साक्षीदारांची नावे टिपा, पगाराचा पुरावा जपा. ‘चूक तुझीच’ म्हणाले तरी घाबरू नका, नुसत्या नजरचुकीने हक्क बुडत नाही. ठेकेदार पळाला तर मुख्य मालक जबाबदार असतो. दावा दोन वर्षांच्या आत करा. ईएसआय असेल तर तिथे अर्ज द्या. रजेच्या दिवसांचे पगाराच्या ९० टक्के मिळतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही जुने कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले आहेत.

भगवान बुद्धांनी दुर्लक्षित पडलेल्या आजारी भिक्खूला आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले, अशी कथा विनयपिटकात आहे. आपल्या विहारात वंदनेनंतर एक टेबल मांडावे. जखमी कामगाराचा अर्ज तिथे लिहून द्यावा. लिहिता येणारे हात आपल्याकडे आता पुष्कळ आहेत. ज्यांची बोटे गेली त्यांच्यासाठी ते चालू द्या, एवढीच विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!