मार्कांपलीकडचे मास्तर
दहावीचा निकाल लागला की मला पालकांचे फोन येतात, ‘पोराचा फोटो छापा.’ तेव्हा अमेरिकेतले जॉन वुडन आठवतात. पर्ड्यू विद्यापीठाचे हे बास्केटबॉलपटू १९३२ मध्ये पदवी घेऊन हायस्कूलमध्ये इंग्रजीचे मास्तर आणि कोच झाले. पहिल्या हंगामात ६ सामने जिंकले, ११ हरले! पुढे साउथ बेंडच्या शाळेत ९ वर्षं काढली. पोरांच्या मार्कांवरून पालक कुरकुरायचे, म्हणून १९३४ मध्ये त्यांनी यशाची स्वतःची व्याख्या केली: आपण जीव ओतून प्रयत्न केला, हे समाधान म्हणजे यश. याच माणसाने नंतर यूसीएलएला १२ वर्षांत १० राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. तिथेही पहिला धडा मोजे नीट घालायचा!
आपल्याकडे खेळाचा तास गणिताला जातो. पालकहो, शाळेत जाऊन एकदा विचारा तरी.