एका संकेताचे अर्थांतर

पेशी परस्परांना रासायनिक संकेत देतात, हे आज सर्वमान्य आहे. परंतु संकेताचा अर्थ रेणूत असतो की तो ग्रहण करणाऱ्या पेशीत? ‘लिफ’ या प्रथिनाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

इ. स. १९८१ मध्ये केंब्रिज येथे मार्टिन एव्हन्स व मॅथ्यू कॉफमन यांनी, आणि कॅलिफोर्नियात गेल मार्टिन यांनी, उंदराच्या ब्लास्टोसिस्ट अवस्थेतील भ्रूणापासून मूलपेशी मिळविल्या. देहातील कोणत्याही प्रकारची पेशी होण्याची क्षमता त्यांच्यात होती. मात्र काचपात्रात ती टिकावी म्हणून त्यांना फायब्रोब्लास्ट पेशींच्या थराचा आधार द्यावा लागे. हा थर नेमके काय पुरवितो, याचा उलगडा १९८८ साली झाला. ते द्रव्य अपरिचित नव्हते. उंदराच्या रक्तकर्कपेशींना प्रगल्भ करून ते त्यांची वाढ रोखते, म्हणून त्यास ‘ल्युकेमिया इनहिबिटरी फॅक्टर’, म्हणजेच ‘लिफ’, हे नाव आधीच मिळाले होते. तेच प्रथिन मूलपेशींना मात्र प्रगल्भ होऊ देत नाही!

पुढे १९९२ मध्ये लिफचे जनुक निकामी केलेल्या उंदरिणींचा अभ्यास झाला. त्यांचे भ्रूण ब्लास्टोसिस्ट अवस्थेपर्यंत वाढले, परंतु गर्भाशयात रुजले नाहीत. सामान्य मादीच्या गर्भाशयात ठेवताच ते रुजले व वाढले. येथे लिफची निकड मातेच्या गर्भाशयाला होती.

मानवी भ्रूणाच्या मूलपेशी १९९८ मध्ये जेम्स थॉमसन यांनी मिळविल्या, तेव्हा त्यांना लिफ पुरेसे ठरले नाही. हा भेद केवळ प्राणिजातीचा आहे, असे तेव्हा वाटणे स्वाभाविक होते. परंतु २००७ साली उंदराच्याच, गर्भाशयात रुजलेल्या भ्रूणापासून मिळविलेल्या मूलपेशी ॲक्टिव्हिन व एफजीएफ या संकेतांवर अवलंबून असल्याचे दिसले, आणि त्या मानवी पेशींशी मिळत्याजुळत्या निघाल्या. भ्रूणाची अवस्था बदलली की संकेताचे फलही बदलते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

अखेर २००८ मध्ये ऑस्टिन स्मिथ व त्यांचे सहकारी यांनी मेक व जीएसके-३ या दोन एन्झाइमांना रोधून, लिफशिवायही उंदराच्या मूलपेशी टिकविल्या. या पेशी स्वतःच एफजीएफ-४ स्रवून आपल्या विभेदनास चालना देतात. मेकला रोधल्याने त्या संकेताचा मार्ग बंद होतो.

तात्पर्य, नावावरून संकेताचे कार्य ठरविणे धोक्याचे आहे. कोणती पेशी, कोणत्या अवस्थेत, कोठे, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत.