कराइम : साक्षीला उभी राहिलेली भाषा

लिथुआनियातील त्राकाय या तळ्याकाठच्या गावी रस्त्याकडे तीन खिडक्या असलेली लाकडी घरे आहेत. एक खिडकी देवासाठी, एक घरच्यांसाठी आणि तिसरी ग्रँड ड्यूक व्हितौतास याच्यासाठी, असे तेथे सांगतात. चौदाव्या शतकाच्या अखेरीस याच ग्रँड ड्यूकने क्रिमियातून कराइम कुटुंबे येथे आणून वसवली. त्यांची भाषा तुर्की कुळाच्या किपचाक शाखेतली.

या भाषेतले वार पाहावेत. शनिवारचे नाव हिब्रू 'शब्बाथ'वरून. शुक्रवारचे 'बरास्की' हे ग्रीकमधून आलेले. आणि गुरुवार म्हणजे 'किची बरास्की', धाकटा शुक्रवार! धर्मग्रंथ हिब्रू बायबल, तालमूद अमान्य; देवाचे नाव मात्र 'तेन्री', म्हणजे प्राचीन तुर्कांचा आकाशदेव. तुर्की भाषांत शब्दातले स्वर एकमेकांशी जुळवून घेतात. त्राकायच्या बोलीत, स्लाव भाषांच्या शेजारामुळे, तो मेळ व्यंजनांकडे गेला. भाषाशास्त्रज्ञांना तिचे आकर्षण वाटते ते बहुधा यामुळे.

मला मात्र तिची विसाव्या शतकातली कहाणी अधिक अस्वस्थ करते. हे लोक ज्यू की तुर्क, हा वाद जुनाच होता. १९२८ मध्ये तेव्हाच्या पोलंडमधील विल्ना येथे आलेले धर्मप्रमुख सेराया शाप्शाल यांनी तुर्की वारशावर भर दिला आणि हिब्रू धर्मसंज्ञांच्या जागी तुर्की शब्द रुजवू पाहिले. पुढे हा वाद पंडितांपुरता उरला नाही. जानेवारी १९३९ मध्ये नाझी जर्मनीच्या वंशविषयक कार्यालयाने कराइमांना ज्यू धर्मसमुदायात गणू नये असे ठरवले, आणि युद्धकाळातील चौकशांत त्यांची तुर्की भाषा हाही एक पुरावा ठरला. सप्टेंबर १९४१ मध्ये त्राकायच्या ज्यूंची कत्तल झाली, कराइम वाचले. शाप्शाल यांच्या भाषाशुद्धीवर आज टीका होते, आणि ती अभ्यासाच्या दृष्टीने योग्यही आहे. पण ती करताना मला तरी शेजारची ती रिकामी झालेली घरे दिसत राहतात.

सोव्हिएत काळात त्राकायचे प्रार्थनामंदिर, 'केनेसा', चालू राहिले; शाळा मात्र कराइमची नव्हती. जुनी हस्तलिखिते हिब्रू लिपीत, नवी छपाई लॅटिन लिपीत. त्यामुळे आजोबांची वही नातवाला वाचता येईना. मीकोलास फिर्कोविच्यूस यांनी १९९६ मध्ये कराइमचे पाठ्यपुस्तक काढले. पुढे उन्हाळी वर्गही भरू लागले. लिथुआनियाच्या जनगणनेत २००१ मध्ये २७३ कराइम होते, २०२१ मध्ये १९२. त्यांतले ही भाषा सहज बोलणारे अगदी थोडे, आणि तेही बहुतेक वयस्क.

'किबिन', म्हणजे मटण भरलेली करंजी, हा एक कराइम शब्द मात्र त्राकायला येणारा प्रत्येक पर्यटक उच्चारतो.